रोजचा दीड जीबी जातो कुठे?

संध्याकाळ व्हायच्या आतच फोनवर कंपनीचा मेसेज येतो: आजच्या हायस्पीड डेटापैकी ९० टक्के डेटा वापरून झाला आहे. रोजचा दीड किंवा दोन जीबी देणारा पॅक मारणाऱ्या कुणालाही हा मेसेज नवा नाही. त्यानंतर घरात होणारं बोलणंही ठरलेलं असतं. ‘मी तर आज काहीच पाहिलं नाही’, ‘सकाळी फक्त व्हॉट्सॲप उघडलं होतं’, ‘कंपनीवालेच जास्त कापतात’, आणि शेवटी ‘जरा तुझा हॉटस्पॉट दे’. यातलं पहिलं वाक्य पुष्कळदा खरं असतं. फोन खिशात असतानाही डेटा जात असतो. फोन हातात घेतल्यावर जो जातो, तोही आपण किती वेळ पाहिलं यापेक्षा कोणत्या दर्जाचं चित्र पाहिलं यावर जास्त अवलंबून असतो. या दोन गोष्टी एकदा समजल्या की बाकीचं सगळं सोपं आहे.

सायबर कॅफेच्या काळात इंटरनेटचे पैसे तासावर द्यावे लागत, त्यामुळे किती वापरलं ते भिंतीवरच्या घड्याळात दिसे. मोबाइलवर हिशेब वेळेचा राहिला नाही, तो बाइट्सचा झाला, आणि बाइट्स डोळ्यांना दिसत नाहीत. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या अहवालानुसार २०१४ मध्ये एका जीबीसाठी ग्राहकाला सरासरी २६९ रुपये पडत होते. तेव्हा माणसं काम झालं की डेटा बंद करून ठेवायची. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि स्पर्धेत दर कोसळले. २०१८ मध्ये तोच जीबी १२ रुपयांच्याही आत आला. महिन्याला एक जीबी पुरवून वापरणारे आपण रोजच्या कोट्यावर आलो. या रोजच्या कोट्याची एक अट नीट लक्षात ठेवायला हवी. तो मध्यरात्री नव्यानं सुरू होतो आणि आज उरलेला डेटा सहसा उद्यासाठी जमा होत नाही. म्हणजे महिन्याची सरासरी कितीही कमी असली तरी एखाद्या दिवशीचा वापर जास्त झाला की त्या दिवसापुरते आपण अडकतो.

कोटा संपला की इंटरनेट पूर्ण बंद होत नाही, वेग सहसा ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा समजून घ्यायचा तर एक छोटं गणित करावं लागेल. वेग मोजतात बिटमध्ये आणि कोटा मोजतात बाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी, तासाला साधारण २९ एमबी. तीन एमबीचा एक फोटो उतरायला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागेल. व्हिडिओचा प्रश्नच नाही. पण मजकुराचा मेसेज जाईल आणि यूपीआयनं पैसे पाठवणंही सहसा जमेल, कारण त्या व्यवहारात फार थोडी माहिती इकडून तिकडे जाते. फक्त थोडा धीर धरावा लागेल. दुकानात उभं असताना कोटा संपला म्हणून घाबरून पुन्हा पुन्हा ‘पे’ दाबू नये, ते यासाठीच.

हेच गणित उलट बाजूनं केलं की डेटा कुठे जातो ते लख्ख दिसतं. एक एमबीपीएस वेगानं तासभर काहीही वाहत राहिलं तर ४५० एमबी खर्च होतात. हा ४५०चा आकडा लक्षात ठेवावा, पुढचे सगळे अंदाज त्यावरून बांधता येतात. चांगल्या दर्जाचं गाणं किंवा कीर्तन नुसतं ऐकलं तर १२८ केबीपीएस धरून तासाला ५८ एमबी लागतात. ४८० पिक्सेलचा व्हिडिओ साधारण एक एमबीपीएसच्या आतबाहेर चालतो, तेव्हा तासाला चारशे-साडेचारशे एमबी. ७२० पिक्सेलला त्याच्या दुप्पट, आणि १०८० पिक्सेलला तासाला दीड-दोन जीबी सहज. मराठी समालोचन लावून टी-ट्वेंटीचा साडेतीन तासांचा सामना दोन एमबीपीएसनं पाहिला, तर तीन जीबीहून अधिक डेटा गेला. दीड जीबीचा पॅक असेल तर पहिला डाव संपता संपताच खेळ थांबतो. अनेक घरांत सकाळी यूट्यूबवर अभंग लावून फोन ओट्याजवळ ठेवलेला असतो. पडद्याकडे कुणी बघत नाही, तरी चित्र पूर्ण दर्जात उतरत राहतं. तिथे दर्जा १४४ पिक्सेलवर आणला तर आवाजात फारसा फरक न पडता खर्च कितीतरी पटींनी खाली येतो.

चित्राचा दर्जा ठरवतं कोण? आपण ठरवला नाही तर ॲप ठरवतं. व्हिडिओ हल्ली एकसंध फाइल म्हणून येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवलेला असतो. मागचा तुकडा किती वेगानं उतरला हे ॲप सतत मोजतं आणि त्यावरून पुढचा कोणत्या दर्जाचा मागायचा ते ठरवतं. रेंज कमी असली की चित्र पुसट होतं ते यामुळे. पण याची दुसरी बाजू क्वचितच कुणी सांगतं. रेंज चांगली असली की ॲप वरचा दर्जा मागतं, म्हणून जलद नेटवर्कवर तोच व्हिडिओ तेवढाच वेळ पाहूनही जास्त डेटा जातो. पन्नास एमबीपीएसचा वेग पूर्ण वापरला गेला तर दीड जीबी चार मिनिटांत संपतो. नेटवर्क सुधारल्यापासून पॅक पुरत नाही, अशी तक्रार करणारी माणसं भ्रमात नसतात.

दर्जा थोडा खाली आणला तर किती फरक पडतो, याचा अनुभव सगळ्या देशानं एकदा एकत्र घेतला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि नेटवर्कवर ताण आला. तेव्हा नेटफ्लिक्स, ॲमेझॉन, हॉटस्टार, गूगल, फेसबुक, सोनी, झी अशा कंपन्यांनी मिळून मोबाइल नेटवर्कवरचा व्हिडिओ काही आठवडे ४८० पिक्सेलच्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. त्या आठवड्यांत चित्रपटही पाहिले गेले आणि मालिकाही. सहा इंची पडद्यावर ४८० पुरतं, हे माझं ठाम मत आहे. अपवाद आहेत: फळ्यावरची बारीक अक्षरं दाखवणारा वर्ग, शिवणकामाचा किंवा दुरुस्तीचा व्हिडिओ. तिथे दर्जा वाढवावा, एरवी नको. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘व्हिडिओ क्वालिटी’ हा भाग आहे. तिथे मोबाइल नेटवर्कसाठी आणि वायफायसाठी वेगळी निवड करता येते. मोबाइल नेटवर्कपुढे ‘डेटा सेव्हर’ निवडलं की काम झालं. नेटफ्लिक्समध्ये ‘सेव्ह डेटा’ निवडल्यास एका जीबीत सुमारे सहा तास पाहता येतं, ‘ऑटोमॅटिक’वर सुमारे चार तास. इन्स्टाग्राम आणि फेसबुकमध्येही डेटा कमी वापरण्याची सोय आहे. रील्सच्या बाबतीत ती जास्त महत्त्वाची, कारण एक रील चालू असतानाच पुढचे व्हिडिओ आधीच उतरवायला सुरुवात झालेली असते. बोटानं पुढे ढकललेल्या आणि न पाहिलेल्या व्हिडिओचेही एमबी आपल्या खात्यातून जातात.

आता खिशातल्या फोनकडे वळू. अँड्रॉइडमध्ये २०११च्या ४.० आवृत्तीपासून कोणत्या ॲपनं किती डेटा वापरला हे दाखवणारा भाग आहे. तो कंपनीगणिक वेगळ्या जागी असतो. सॅमसंगमध्ये ‘कनेक्शन्स’मध्ये ‘डेटा युसेज’, इतरांत ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्ये. शोधत बसण्यापेक्षा सेटिंग्जच्या वरच्या चौकटीत ‘डेटा’ असं लिहावं, लगेच सापडतो. तिथे ॲपची यादी सर्वाधिक वापरापासून उतरत्या क्रमानं लागलेली असते. एखाद्या ॲपवर बोट ठेवलं की दोन आकडे दिसतात, फोरग्राउंड आणि बॅकग्राउंड. पहिला म्हणजे ते ॲप समोर उघडं असतानाचा खर्च, दुसरा म्हणजे ते मागे राहून परस्पर केलेला. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत उपयोगी नोंद हीच. यूट्यूबचा पहिला आकडा मोठा असेल तर ते आपलंच पाहणं आहे. पण फोटो साठवणाऱ्या किंवा खरेदीच्या ॲपचा दुसरा आकडा फुगलेला दिसला, तर ‘मी काहीच पाहिलं नाही’ याचा उलगडा तिथेच होतो. त्याच पानावर बॅकग्राउंड डेटा बंद करण्याची कळही असते.

ही कळ सरसकट सगळ्यांची दाबू नये. व्हॉट्सॲपचा बॅकग्राउंड डेटा बंद केला तर मेसेज आणि कॉल ॲप उघडेपर्यंत पोहोचणार नाहीत. बँकेची आणि निरोपाची ॲप सोडून द्यावीत. खरेदी, खेळ, बातम्या, फोटो एडिटिंग यांची खुशाल बंद करावी. इतकं एकेक बघायला वेळ नसेल तर अँड्रॉइडच्या ७.० आवृत्तीत, म्हणजे २०१६ मध्ये आलेला ‘डेटा सेव्हर’ सुरू करावा. तो मागे चालणाऱ्या सगळ्या ॲपना मोबाइल डेटा नाकारतो, आणि ज्यांना सूट द्यायची ती आपण वेगळी निवडू शकतो. आयफोनमध्ये २०१९च्या आयओएस १३पासून ‘लो डेटा मोड’ आहे, त्याचं काम जवळपास असंच चालतं. आयफोनची आणखी दोन वैशिष्ट्यं माहीत हवीत. त्याच्या ‘करंट पीरियड’खालचा आकडा महिन्यागणिक आपोआप शून्यावर येत नाही. यादीच्या तळाशी जाऊन ‘रीसेट स्टॅटिस्टिक्स’ आपणच दाबावं लागतं. ते न केल्यामुळे तिथे कित्येक महिन्यांची बेरीज दिसते आणि माणूस गोंधळतो. त्याच तळाशी ‘वायफाय असिस्ट’ आहे. वायफाय कमजोर झालं की ते गुपचूप मोबाइल डेटा घेतं. घरी राऊटर दूरच्या खोलीत असेल तर ते बंद केलेलं बरं.

व्हॉट्सॲपबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे इंटरनेट म्हणजे व्हॉट्सॲप अशी असंख्य घरं आहेत. त्याच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ आहे. मोबाइल डेटावर फोटो आपोआप उतरवण्याची खूण तिथे मुळातच केलेली असते, आणि कधीतरी कुणीतरी व्हिडिओपुढेही खूण करून ठेवलेली असते. कुटुंबाचा, सोसायटीचा, शाळेचा, गावाकडचा असे आठ-दहा ग्रुप असतील तर रोजच्या सुप्रभातांचे आणि वाढदिवसांचे किती एमबी होत असतील याचा अंदाज त्याच भागातल्या ‘नेटवर्क युसेज’मध्ये पाहता येतो. मोबाइल डेटापुढच्या सगळ्या खुणा काढाव्यात. मग जे पाहायचं त्यावर बोट ठेवलं तरच ते उतरतं. ज्या घरात सगळ्यांत मिळून एकच फोन आहे, तिथे रात्री मुलीला अभ्यासाचा व्हिडिओ उघडायचा असतो आणि दिवसभरात कुणी न पाहिलेल्या फॉरवर्डनी कोटा संपवलेला असतो. एका खुणेपायी तिचा अभ्यास अडावा, हे मला फार वाईट वाटतं.

कंपनी जास्त कापते का? फोन दाखवतो तो आकडा आणि कंपनीच्या ॲपमधला आकडा जुळत नाहीत, हे खरं आहे. फोनमधली मोजणी म्हणजे भाडेकरूच्या खोलीतलं सबमीटर आहे. बिल मात्र कंपनीच्या मीटरवर येतं. आपला सगळा डेटा कंपनीच्या एका गेटवेमधून जातो. तो गेटवे हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेकडून थोडा थोडा कोटा मागून घेतो, तो संपला की पुढचा मागतो. त्यामुळे ॲपमधली शिल्लक काही वेळा मागे रेंगाळते. वाटेत गळालेल्या माहितीची मोजणी दोन्हीकडे वेगळी पडू शकते. दिवस कुठे बदलला, एक जीबी म्हणजे हजार एमबी की १०२४, यावरूनही थोडा फरक राहतो. अपलोड आणि डाउनलोड दोन्ही मोजले जातात, हे विसरून आपण फोटो पाठवण्याचा खर्च हिशेबात धरतच नाही. फाइव्ह-जीमुळे तर दोन मीटरमधली दरी आणखी रुंदावली आहे. अमर्याद फाइव्ह-जी देणाऱ्या पॅकवर कंपनी रोजच्या कोट्यात फक्त फोर-जीवरचा वापर धरते, पण फोन दोन्हींची बेरीज करतो. फोन म्हणतो सहा जीबी गेले, कंपनी म्हणते अर्धा. दोघंही बरोबर असतात. याच कारणानं पुण्या-मुंबईत फाइव्ह-जीवर मोकळेपणानं वापरायची सवय लागलेला माणूस फोर-जीच असलेल्या गावी गेला की त्याच सेटिंग्जवर त्याचा कोटा सकाळीच संपतो. निघण्यापूर्वी व्हिडिओचा दर्जा खाली आणावा आणि गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा नकाशा वायफायवर उतरवून ठेवावा. कोटा किती उरला हे ठरवायला कंपनीचं ॲप पाहावं. कोणत्या ॲपनं खाल्ला हे पाहायला फोन. ॲप नको असेल तर जिओवर १२९९ला फोन लावला की शिल्लक मेसेजनं येते.

फोनला मर्यादा घालायची सोयही आहे, पण ती आपल्या पॅकशी नीट जुळत नाही. अँड्रॉइडमधली वॉर्निंग आणि लिमिट ही महिन्याच्या ठरावीक तारखेपासून मोजतात. आपले पॅक मात्र रोजच्या कोट्याचे, आणि बरेचसे २८ दिवसांचे. दर रिचार्जला तारीख सरकते, आणि वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज लागतात. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायनं कंपन्यांना आदेश दिला की ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा किमान एकेक पॅक ठेवलाच पाहिजे. असा पॅक घेतला तर फोनमधली तारीख एकदा भरून विसरता येते. काही चिनी बनावटीच्या फोनमध्ये कंपनीनं स्वतः रोजच्या मर्यादेची सोय दिलेली असते. तशी असेल तर तीच वापरावी. वॉर्निंग आणि लिमिट यांतला फरकही ओळखावा. वॉर्निंग नुसती सूचना देते. लिमिट गाठलं की फोन मोबाइल डेटा सरळ बंद करतो, आणि मग ६४ केबीपीएसचा आधारही उरत नाही. ज्या फोनवर बँक आणि यूपीआय आहे त्यावर फक्त वॉर्निंग लावावी. लिमिट मुलांच्या हातातल्या फोनला किंवा दुसऱ्या सिमला. दोन सिम असतील तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवला जातो, म्हणून लिमिट कोणत्या सिमवर लावतो आहोत ते आधी पाहावं.

हॉटस्पॉटचं वेगळं आहे. शेजारी बसलेल्याला नेट दिलं की त्याचं यंत्र ते वायफाय समजून वागू लागतं. अँड्रॉइड फोन दुसऱ्या अँड्रॉइडचा हॉटस्पॉट सहसा ओळखतो आणि आवरून घेतो. विंडोजचा लॅपटॉप ओळखेलच असं नाही. तो निवांत अपडेट उतरवायला घेतो आणि दोन जीबी कधी गेले ते कळत नाही. त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू केलं की तो थांबतो. स्मार्ट टीव्ही हॉटस्पॉटवर कधीच जोडू नये. त्याचा पडदा मोठा, म्हणून तो दर्जाही मोठाच मागतो.

डेटा मोजणारं आणि वाचवणारं वेगळं ॲप घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे, आणि त्यामागे ओनावोची हकीकत आहे. ओनावो ही इस्रायली कंपनी डेटाची बचत आणि मोजणी करणारी ॲप बनवायची. २०१३ मध्ये फेसबुकनं ती विकत घेतली. पुढे ‘ओनावो प्रोटेक्ट’ हे ॲप सुरक्षेच्या नावानं लोकांच्या फोनमध्ये गेलं. फोनमधून बाहेर जाणारं सगळं त्याच्या व्हीपीएनमधून जात असल्यामुळे कोण कोणतं ॲप किती वापरतं हे कंपनीला दिसत होतं. ब्रिटिश संसदेच्या समितीनं डिसेंबर २०१८ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं प्रसिद्ध केली, त्यांत व्हॉट्सॲपच्या वाढीचे ओनावोतून मिळवलेले तक्ते होते. फेसबुकनं व्हॉट्सॲप घेतलं २०१४ मध्ये. २०१८ मध्ये ओनावो प्रोटेक्ट ॲपलच्या स्टोअरमधून गेलं, २०१९ मध्ये गूगलच्या. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं लोकांची दिशाभूल केल्याबद्दल फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. गूगलचं ‘डेटाली’ हे स्वतंत्र ॲपही २०१७ मध्ये आलं आणि दोन वर्षांत बंद झालं. आपला डेटा मोजण्यासाठी तो दुसऱ्याच्या हातून जाऊ देणं म्हणजे गरज नसलेला धोका आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये आहे तेवढं पुरतं.

महिनाभर असं पाहिलं की पॅक बदलायचा का, हे अंदाजानं नाही तर आकड्यांवरून ठरवता येतं. काहींना कळेल की एक जीबीतही भागतं. काहींना, विशेषतः ज्यांच्याकडे साधा फोन आहे किंवा घरी वायफाय आहे अशा वडीलधाऱ्यांना, मोबाइल डेटाची गरजच नसते आणि तरी दर महिन्याला त्याचे पैसे भरले जातात. त्यांच्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम बदलला. प्रत्येक कंपनीनं फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटा नसलेला किमान एक पॅक ठेवला पाहिजे आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. दुकानदार तो सहसा स्वतःहून दाखवत नाही. रिचार्जच्या ॲपमध्येही तो यादीत बराच खाली सापडतो. आईवडिलांचा पुढचा रिचार्ज मारण्यापूर्वी तो शोधून किंमत ताडून पाहावी.